उजव्या दंडावरची चकती

द्राक्षाच्या पानांच्या वळकट्या अर्ध्याच वळून झाल्या होत्या. पातेल्याच्या तळाशी जेमतेम एक थर लागला होता, मसाल्याच्या तांदळाचं भांडं निम्मं भरलेलंच होतं, तेवढ्यात ओट्यावरचा फोन किंचाळला. रोज्याची दुपार. नगवाचं तोंड आधीच कोरडं होतं, ते आता लाकडासारखं झालं. पडद्यावर आईच्या रक्तातली साखर दिसत होती. अठ्ठावन्न, आणि शेजारी खाली वळलेला बाण.

तिची आई, हज करून आलेली हाज्जा इनशिराह, तिकडे रशीद गावात एकटी राहायची. नवरा गेल्यावर लेकीने आपल्याकडे तांता शहरात चल म्हणून किती विनवलं. "तुझ्या घरात नमाजाला किब्ला कुठल्या दिशेला ते मला विचारावं लागतं," एवढं बोलून हाज्जाने विषय मिटवला. इन्सुलिनवर असूनही रमजानचे रोजे सोडायला ती तयार नव्हती. शेवटी डॉक्टरांनीच मधला मार्ग काढला. दंडाला साखर मोजणारी चकती लावायची, आकडा दोघींच्या फोनवर दिसेल, आणि तो सत्तरच्या खाली गेला की त्या क्षणी रोजा सोडायचा. हाज्जा कबूल झाली, पण लेकीला बजावून, की आता चकती राखण करतेय, तेव्हा मला न्यायचं नाव काढू नकोस.

नगवाने ओल्या हातानेच फोन लावला. तो वाजतच राहिला. आई दुपारची, जोहरची नमाज पढून फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि आतल्या खोलीत आडवी होते, हे तिला ठाऊक होतं. पण ती झोपलीय की शुद्ध हरपून पडलीय, हे आकड्यावरून कसं कळावं? गेल्या वर्षी साखर अशीच उतरली तेव्हा आई घामाने चिंब होऊन उंबऱ्यात बसली होती आणि लेकीलाच विचारत होती, बाई, तू कोणाची? ते आठवून नगवाने पुन्हा फोन लावला. आकडा एक्कावन्नवर आला.

आईच्या समोरच्या घरात तहिय्या राहायची. किल्ली तिच्याकडे होती. नगवाने तिला कसंबसं सांगितलं, धाव, आत जा, साखरेचं पाणी पाज. फोन चालूच ठेव. मग कुलूप उघडल्याचा आवाज, चपलांचा आवाज, चमचा पेल्यावर आपटल्याचा आवाज. नगवाच्या तोंडून कुराणातली एकच आयत पुन्हा पुन्हा निघत होती आणि मधेच तुटत होती.  मग पलीकडून खोकला आला. आईचा.

"तहिय्या, मेलेल्याला सरबत पाजतेस का गं?"

 आई बोलत होती, तहिय्याला नावाने ओळखत होती. नगवाने तहिय्याला जुन्या यंत्राने आईचं बोट टोचून बघायला सांगितलं. रक्ताच्या थेंबाने सांगितलं एकशे चार. सरबत तर आत्ता कुठे घशाखाली उतरलं होतं. एवढ्यात त्याने साखर दुप्पट कशी होईल? आणि इकडे चकतीचा आकडाही आपोआप वर सरकू लागला होता.

हाज्जाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. दोन घोट पोटात गेले, रोजा गेला की राहिला? तहिय्या कानकोंडी झाली. हाज्जाच म्हणाली की जाऊ दे, ईदनंतर एक रोजा जास्त धरीन, तू काही दावा धरून आली नव्हतीस.

"आई, कुठल्या कुशीवर झोपली होतीस?"

"उजव्या. मुसलमानाची बाई आणखी कुठल्या कुशीवर झोपते?"

नगवाला आठवलं. पहिली चकती नर्सबाईंनी डाव्या दंडाला लावली होती आणि ती अंगाखाली दबू देऊ नका, दबली की खोटा आकडा दाखवते, असं सांगितलं होतं. पंधरवड्याने चकती बदलावी लागते, आणि या खेपेची नगवाने रशीदला जाऊन स्वतः लावली. बिस्मिल्ला म्हणून, शुभ काम उजवीकडून म्हणून, उजव्या दंडाला.

तिने आईला खरं ते सांगितलं, आणि रडत रडत वर हेही म्हणाली, की मला हे झेपत नाही, तू इकडे ये.

"चूक तुझ्या हाताची, आणि घर मी सोडू?" हाज्जा म्हणाली. मग आवाज उतरला. "अगं, मी जिवंत आहे. तुझ्या चुलीवर काय आहे ते बघ."

फोन ठेवला, पण नगवा पानांकडे वळली नाही. आज आकडा खोटा निघाला. पण ती चकती त्या दंडावर असेपर्यंत पुन्हा फोन किंचाळला, आणि आई कुशीवर असेल असं समजून आपण पान वळत बसलो, आणि तो आकडा खरा असला तर? या प्रश्नापुढे तिचं मन जाईना. तिने तहिय्याला पुन्हा फोन करून विनवलं की संध्याकाळच्या अजानपर्यंत हाज्जाजवळच बस, आणि रात्रीही तिथेच झोप. मग हात धुऊन उरलेल्या पानांवर ताट झाकलं.

काढलेली चकती पुन्हा लावता येत नाही, म्हणून आता औषधांच्या दुकानातून नवी आणायची होती, आणि उद्या पहाटेच्या गाडीने रशीदला जाऊन ती आईच्या डाव्या दंडाला लावायची होती.