साठची लेन्स की दीडशेची

पुण्याहून निघालो तेव्हा पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी होती, हातात ट्रायपॉड होता आणि डोक्यात सुधाकर होता. दौंडला गाडी बदलली, बारामतीच्या गाडीत खिडकी मिळाली, बाहेर उसाचे हिरवे पट्टे सुरू झाले, तरी तो डोक्यातून उतरला नाही.

सुधाकर माझा मित्र. होता, असं म्हणायला हवं. माझं भांड्यांचं दुकान, त्याला लागून त्याचं चष्म्यांचं. मी हातगाडीवर स्टीलचे डबे विकत होतो तेव्हापासूनची ओळख. उतारवयात मला फुलांचे फोटो काढायचा नाद लागला आणि दर रविवारी आम्ही दोघं पहाटे बाहेर पडू लागलो. त्यानं कधी कॅमेरा हातात घेतला नाही. त्याचं काम एकच. फुलाचा देठ खालून, फोटोत दिसणार नाही असा, दोन बोटांत धरून ठेवायचा. फूल जवळून टिपताना फुंकरीएवढा वाराही फोटो बिघडवतो. चष्म्याचे बारीक स्क्रू पिळून सुधाकरची बोटं भलती स्थिर झाली होती.

गेल्या दिवाळीत आमच्या भागातल्या प्रदर्शनात माझ्या गोकर्णाच्या फुलाच्या फोटोला पहिला क्रमांक मिळाला. चार माणसं कौतुक करत उभी होती. त्यांच्यासमोर सुधाकर म्हणाला, "फूल मी धरलं होतं. यानं नुसतं बटण दाबलं."

सगळे हसले. त्यावर मी जे बोललो ते हॉलबाहेरच्या चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं, असं नंतर कळलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. कॅमेरा माझा, चिखलात टेकलेले गुडघे माझे, आणि म्हणे नुसतं बटण. पहिला शब्द मी बोलणार नाही.

तर मला आता अशी लेन्स हवी होती, जिला फूल धरणारा माणूस लागत नाही.

बारामतीत लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण दोन जुन्या लेन्स विकतोय, हे मोबाईलवर दिसलं होतं. त्याचा स्टुडिओ एसटी स्टँडपासून जवळच निघाला. भिंतीवर नवऱ्यामुलींचे मोठमोठे फोटो, टेबलावर उघडलेलं ड्रोन. फुलांसाठीच्या त्या दोन्ही लेन्स त्यानं हौसेनं घेतल्या होत्या. पण गिऱ्हाइकाला हल्ली वरात आकाशातून दिसायला हवी असते, फुलं कोण बघतो, असं त्याचं म्हणणं. एक साठ मिलिमीटरची, एक दीडशेची. साठची हलकी, बरीच स्वस्त, पण फूल फोटोभर यायचं तर वीतभर अंतरावर जावं लागतं. आपलीच सावली फुलावर पडते, कॅमेऱ्याचा धक्काही लागतो. दीडशेची जड आणि महाग, पण हातभर लांबून काम होतं.

"दीडशेला संगती माणूस लागत न्हाय, काका," तो म्हणाला. "लांबून घ्यायचं आणि निघायचं."

मला हवं तेच तो बोलला, म्हणून मी लगेच सावध झालो. विकणारा आपल्या मनातलं बोलायला लागला की किंमत वाढते. दोन्ही लेन्स एक दिवस वापरून बघतो, मगच बोलू, असं म्हटलं. त्यानं आढेवेढे घेतले. अखेर माझं घड्याळ तारण ठेवून दोन्ही लेन्स घेऊन बाहेर पडलो.

संध्याकाळी काटेवाडीच्या बाजूला गेलो. झेंडूचं रान आहे असं रिक्षावाल्यानं सांगितलं होतं. रान होतं, झेंडू नव्हता. तोडणी दुपारीच उरकली होती. झाडांवर अर्धवट कळ्या आणि बांधावर फुलांनी गच्च भरलेले क्रेट. मालक क्रेट मोजत होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी कशासाठी आलोय ते ऐकून त्यांना फार मौज वाटली. म्हणाले, "फुलंच बगायची हुती तर पुण्यातच थांबायचं की. रातच्याला समदी तुमच्याकडंच येत्यात." मग एका क्रेटवरचा कागद दूर करून म्हणाले की घ्या, काढा फोटो. क्रेटमधल्या फुलांचा मी एकही फोटो घेतला नाही. सुधाकर असता तर त्यानं तिथंच बसकण मारून त्या माणसाशी तासभर गप्पा मारल्या असत्या.

रात्री बारामतीत ज्या लॉजवर उतरलो, त्याच्या खाली खाणावळ होती. मी चार जणांच्या टेबलावर बसलो तर पोऱ्या आला आणि एकटेच का, असं विचारून त्यानं मला भिंतीकडच्या छोट्या टेबलावर हलवलं. मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). जेवण झकास होतं. समोर भिंतच होती, त्यामुळे लवकर झालं. बायको मुलीकडे बंगळुरूला असते, तिला फोन केला. नातू झोपत होता म्हणून तिनंही लवकर ठेवला.

सकाळी फुलं शोधायला इंदापूरच्या एसटीत बसलो. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. त्यांच्यामागून गाडी रांगत होती. म्हणूनच ते रान दिसलं. गुडघ्याच्या वर उंचीचे हिरवे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरा गोल चेंडू. एवढी पांढरी फुलं कसली, हे कंडक्टरला विचारलं. कांद्याचं बी धरलंय, म्हणाला. पुढच्या फाट्यावर उतरलो आणि मागं चालत आलो.

बियाण्यासाठी ठेवलेला कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्याला डेंगळे (फुलाचे लांब दांडे) येतात आणि टोकाला गोंडा (फुलांचा चेंडू) धरतो. त्या एका गोंड्यात शेकडो इवली फुलं असतात. प्रत्येक पाकळीवर मधोमध हिरवी रेघ. हे बाजारात कांदे घेताना कुणाला माहीत असतं? रानाच्या एका अंगाला ऊस उभा असल्यानं वारा अडलेला होता. मी ट्रायपॉड रोवला, दीडशेची लेन्स चढवली, हातभर लांबून एक गोंडा डोळ्यात भरून घेतला. सावली नाही, धक्का नाही. बटण दाबणार एवढ्यात लेन्समध्ये एक हात शिरला आणि त्यानं गोंडा पार कुस्करल्यासारखा केला.

"अहो बाई, फुलांना हात लावू नका," मी ओरडलो.

पन्नाशीची एक बाई सरीत उभी होती, पदर कमरेला खोचलेला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रायपॉडकडे.

"रान तुमचं हाय व्हय?"

मी ट्रायपॉड पाऊलभर मागं घेतला. तिचं नाव सुमनबाई. ती फुलं कुस्करत नव्हती. शेजारच्या डाळिंबावर फवारणी झाल्यापासून तिच्या रानात मधमाशा यायच्या थांबल्या होत्या, आणि माशी नाही तर बी नाही. म्हणून दव उडालं की ती रोज प्रत्येक गोंड्यावरून तळवा हळू फिरवायची. एकाचे पराग दुसऱ्याला. माशीचं काम माणसानं करायचं.

ती पुढं सरकली. मी पुन्हा डोळा लावला, पण आता उसावरून वारा वळून आला होता. गोंडा डुलत होता. दीडशेची लेन्स लांबून बघते म्हणून वारा काही लांब जात नाही. उलट थोडं डुलणंही तिच्यात मोठं दिसतं. फोटोमागून फोटो पुसट. साठची लावली, जवळ गेलो, तर वारा होताच, वर माझी सावलीही आली. ऊन चढत होतं. अखेर मी सुमनबाईंना हाक मारली आणि जरा देठ धरता का, विचारलं.

"धरीन की," त्या म्हणाल्या. "पर माझं काम कोण करायचं? दोन सऱ्या हात फिरवा, मग धरते."

मी एका सरीवर आलो. त्या हलल्या नाहीत. वर म्हणाल्या, "आणि फोटूखाली माझं नाव पायजे."

"नाव कशाला? नुसतं धरायचं तर आहे."

"मग तुमीच धरा की."

ट्रायपॉड उचलून चालू पडणार होतो. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागली. या बाईनं आपली अट फोटोच्या आधी सांगितली होती. चार माणसांत नाही, काम झाल्यावर नाही. असं गिऱ्हाईक मला नेहमी आवडलं आहे.

"दोन सऱ्या, आणि नाव," मी म्हणालो. "पण देठ हलला तर नाव नाही."

"तुमी शिंकू नका म्हंजे झालं."

दोन सऱ्या लहान नव्हत्या. तळवा फार दाबायचा नाही, फार उचलायचा नाही. भांड्यावरची धूळ झटकतात तेवढाच जोर. थोड्या वेळात हाताला कांद्याचा वास आणि पिवळट भुकटी. शेजारच्या सरीत त्यांचे प्रश्न चालू. घर कुठं, पोरं किती, धंदा कशाचा. मग म्हणाल्या, "एकलंच फिरता व्हय? संगती कुणी न्हाय?"

"एक जण यायचा."

"वारलं?"

"नाही. पुण्यात आहे."

त्यांचा हात गोंड्यावर थांबला. "मग?"

मी पुढच्या गोंड्याकडे सरकलो.

सऱ्या संपल्यावर त्या उकिडव्या बसल्या आणि गोंड्याखाली देठ धरला. मी साठची लावून वीतभर अंतरावर गेलो, माझी सावली टाळायला आडवा झालो. वारा आला, बाकी रान डुललं, तो एक गोंडा जागचा हलला नाही. स्क्रीनवर पाहिलं. एकेक फूल चांदणीसारखं स्वच्छ, आणि खाली कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचं टोक, परागांनी माखलेलं. इतक्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता.

त्यांनाही दाखवला. "अंगठा आला की. कापनार?"

"नाही."

"नाव सुमनबाई लिवा. बाई गाळायचं न्हाय."

त्यांनी भाकरीतली अर्धी मला दिली. आम्ही बांधावर बसून खाल्ली आणि मी फाट्याकडे निघालो.

बारामतीला परतताना एसटीत दोन्ही लेन्सचे फोटो पुन्हा पुन्हा लावून पाहिले. शंकेला जागा नव्हती. साठचा फोटो कितीतरी सरस होता, आणि तीच स्वस्त होती. मी आयुष्यभर स्वस्त आणि सरस तेच घेत आलो आहे.

स्टुडिओत गेलो आणि दीडशेची घेतली. कारण सुमनबाई काही दर रविवारी पुण्याला येणार नव्हत्या. वीतभर जवळ जायचं तर देठाला दुसऱ्याची बोटं लागतात. हातभर लांबून निदान वारा थांबायची वाट तरी एकट्यानं बघता येते.

घासाघीस मात्र मी सोडली नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी तो तरुण हात जोडून म्हणाला की काका, तुमी लई चिवट हाय, आणि मी सांगितलेल्या किमतीला लेन्स देऊन वर तिची पिशवीही त्यानं फुकट दिली. घड्याळ मनगटावर चढवून स्टेशनवर आलो तेव्हा मी खूश होतो. फलाटावर गाडी लागलेली, डब्यात समोरचं बाकडं रिकामं. मी किती पाडून घेतलं, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. दौंडपर्यंत समोर कुणी बसलं नाही.

पुण्यात आल्यावर त्या गोंड्याचे दोन मोठे फोटो छापून घेतले. खाली माझं नाव आणि त्याच अक्षरात, 'फूल धरणाऱ्या : सुमनबाई'. एक त्यांना पाठवला, एक दुकानात गल्ल्यामागे लावला. सुधाकर शटर उघडायला येतो तेव्हा त्याला हा फोटो काचेतून दिसतोच. एका सकाळी तो थांबला. चष्मा कपाळावर सारून त्यानं खालची ओळ वाचली, चष्मा पुन्हा खाली घेतला आणि तो आपल्या दुकानात गेला. मी हाक मारली नाही. इतक्या रविवारांत त्यानं एकदा जरी आधी सांगितलं असतं की खाली माझंही नाव हवं, तर मी खूप घासाघीस केली असती, पण दिलं असतं.

दीडशेची लेन्स उत्तम आहे. सौदा फसला नाही, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. आता रविवारी मी एकटाच जातो, ट्रायपॉड रोवतो आणि हातभर लांबून फुलाकडे बघत उभा राहतो. वारा थांबला की फोटो मिळतो. कधी कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत तो थांबत नाही, तेव्हा ट्रायपॉड मिटतो आणि घरी येतो.