भाच्यासाठी एक टँकर

शेंद्र्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून बरंच आत गेलं की माझ्या मामांचं गाव लागतं. गावामागे टेकडीला लागून एक लहानसं तळं आहे. पाणी मधल्या खडकाखाली उतरलं की माणसांनी त्याला हात लावायचा नाही, उरलेलं गुराढोरांचं, असा गावाचा नियम. तो राखायचे मामा. सख्ख्या भावालाही त्यांनी एकदा रिकाम्या पिंपांनिशी परत पाठवलं होतं.

दुष्काळातच मी चिकलठाण्याला घर बांधलं. बोअर कोरडं, आणि मला वास्तुशांतीला पंगतीवर पंगती उठवायची हौस! वास्तू काय पळून चालली होती? पण नाही. मी मामांना गाठलं. खडक तेव्हा पार उघडा पडला होता. मामांनी आधी त्या खडकाकडे बोट दाखवलं, मग म्हणाले,

"भाच्याला नाय कसं म्हणू? ने. पण एकच टँकर."

माझ्या टँकरवाल्याने तळ्याची वाट बघून ठेवली. चार दिवसांनी तो परत आला, मागे आणखी तीन. शहरात इमारती उठत होत्या, पाणी कुठलंही चालत होतं. मामा आडवे गेले तर म्हणाला, "त्या दिवशी तुम्हीच दिलं ना?" मामा बाजूला झाले. पंधरवड्यात तळ दिसला. गुरं चारा छावणीत गेली, काही थेट बाजारात. म्हाताऱ्याने पैसे खाल्ले, असं गाव बोलू लागलं. मामांनी एक पैसा घेतला नव्हता. उलट वास्तुशांतीला मलाच आहेर करून गेले होते.

हे मला आईकडून कळलं. गावात जाऊन खरं सांगतो, असं मी तिला म्हणालो. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन पावसाळे गेले. लिहितानाही लाज वाटते.

शेवटी गेलो. आधी तळ्यावर थांबलो. तळं काठोकाठ भरलं होतं. एक बाई शेळ्यांना पाणी पाजत होती.

"कुणाकडं आलाव, पाव्हणं?"

"असंच. फिरायला."

"आता लई पानी हाय. मागं राखणारानंच इकलं व्हतं. माझी म्हस गेली त्यात. त्याच्या दारात आता कुणी जात नाय."

ते पाणी मी नेलं, मामांनी काही विकलं नाही. एवढंच सांगायचं होतं, त्यासाठीच आलो होतो. तोंड उघडलंही.

"मग," मी विचारलं, "बरेच पैसे मिळाले असतील त्याला?"

"तर काय!" ती म्हणाली.

मी मान डोलावली.