बंद पानाचा रिकामा चौकोन

रुग्णालयात त्यांना सगळे काउंटरताई म्हणत. काउंटर सोडून सहा वर्षं झाली होती. आता त्या दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत बसून रुग्णालयाची वेबसाइट सांभाळत, पण नाव काही सुटलं नाही. वेबसाइट त्यांच्या गळ्यात पडली ती वासरात लंगडी गाय शहाणी म्हणून. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला, आणि अख्ख्या कार्यालयात आपला पासवर्ड न विसरणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.

त्याआधी बावीस वर्षं त्यांनी खालच्या दालनात माणसं परतवली होती. पगारपत्रकावर हुद्दा काहीही असो, खरं काम तेच. भेटीची वेळ संपली, डॉक्टर निघून गेले, आत दोघांनाच सोडतात, असं रोज शंभरदा सांगायचं असे; पण त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. "बसा ना जरा, किती लांबून आलात," म्हणत त्या समोरच्याला बोलण्यात गुंतवत, आणि भांडायला आलेला माणूस पाच मिनिटांत आपणहून बाकावर जाऊन बसे. आपल्याला वाटेला लावलं हे त्याला घरी गेल्यावर कळे, कधी तेही कळत नसे. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, तसलं ते कसब. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्या काउंटरवर असताना एकदाही काच फुटली नाही.

वेबसाइटवर बरेच दिवस भरती असलेल्या प्रत्येक रुग्णाचं एक पान होतं. वॉर्डातली सिस्टर रोज सकाळी त्यावर दोन-तीन ओळी लिहायची: झोप लागली, थोडं दूध घेतलं, खिडकीपाशी बसल्या. घरचे लोक आपला पासवर्ड टाकून ते वाचत. रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवलं की मात्र पान त्यांच्यासाठी आपोआप बंद होई. तिथल्या नोंदी डॉक्टरांसाठी. घरच्यांनी त्या अर्धवट वाचून घाबरू नये, असा नियम होता.

आता बंद पानावर कुणी आलंच, तर त्याला पाठवायचं कुठे, हे सॉफ्टवेअरने ताईंना विचारलं होतं. निरोपासाठी एक चौकोनही दिला होता. 'हे पान सध्या बंद आहे, या नंबरवर चौकशी करा' एवढं त्यात लिहिता आलं असतं. ताईंनी चौकोन रिकामा सोडला आणि पाहुण्याला थेट पहिल्या पानावर नेऊन ठेवायचं ठरवलं. तिथे बागेचा फोटो होता, आणि वर 'आपलं स्वागत आहे'. कुणाच्या तोंडावर दार कशाला आपटायचं? चार वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालली. एकही तक्रार आली नाही, आणि तक्रार नाही त्या अर्थी त्रासही नाही, असं ताई धरून चालल्या. खालच्या दालनात निदान माणसाचा चेहरा तरी दिसायचा; इथे तोही दिसत नव्हता, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

एका मंगळवारी सकाळी एक आजोबा त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. बरोबर आलेल्या शिपायाने हळूच सांगितलं, की यांची बायको तीन नंबरच्या वॉर्डात दोन महिने होती, मागच्या शुक्रवारी पहाटे गेली. आणि यांना ऐकू येत नाही, छापखान्यातल्या यंत्रांनी कान कधीच नेले. ताईंनी खुर्ची पुढे केली आणि सवयीने, हळुवार आवाजात, वाईट झालं म्हणाल्या. आजोबांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, पिशवीतून वही-पेन्सिल काढून त्यांच्यासमोर ठेवली.

मग त्यांनी एक जाड कागद काढला. त्यावर छापल्यासारख्या अक्षरांत, ओळीने, पान कसं उघडायचं ते लिहिलं होतं: आधी हे दाबायचं, मग नाव, मग पासवर्ड, मग हिरवं बटण.

"तक्रार नाही माझी," आजोबा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, जरा मोठाच होता. "फक्त माझं कुठे चुकलं ते बघा. दोन महिने रोज उघडत होतं. बुधवारपासून सारखा बागेचा फोटोच यायला लागला. कागद दोनदा नव्याने लिहिला मी. बोटं म्हातारी झाली, म्हटलं भलतंच बटण दाबलं जातंय."

दर रविवारी दोन बस बदलून ते बायकोला भेटायला येत. बाकीचे दिवस त्या दोन ओळींवर काढत. फोनचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून रुग्णालयात भाच्याचा नंबर दिलेला. बुधवारी तिला हलवलं तेव्हा भाच्याला फोन गेला. मामाच्या जिवाला घोर नको, एक-दोन दिवस बघू, असा त्याने विचार केला. शुक्रवारी सकाळी तो घरी आला तो बातमी घेऊनच.

कागदावर चूक नव्हती, हे ताईंना एका नजरेत कळलं. तरी त्यांनी वेबसाइटवर कोण कधी आलं याची नोंद उघडली. बुधवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी आजोबा आपल्या बायकोच्या पानावर आले होते आणि पहिल्या पानावर पाठवले गेले होते. दहा वाजून सहा मिनिटांनी पुन्हा. दहा वाजून सात मिनिटांनी पुन्हा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ती यादी खाली खाली जात होती.

ताईंनी पेन्सिल उचलली. 'कधी कधी इंटरनेट' एवढं त्यांच्या हातून लिहूनही झालं. समोर ऐकणारा माणूस असता तर उरलेलं वाक्य त्यांनी असं काही म्हटलं असतं, की आजोबा समाधानाने जिना उतरले असते. पण कागदाला ना आवाज, ना हसू. तिथे नुसते शब्द पडले होते आणि ते खोटे होते. ताईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं:

'तुमचं काही चुकलं नाही. पान आम्ही बंद केलं होतं. ते बंद आहे असं सांगणारा निरोप मी ठेवला नव्हता. तुम्ही एकसष्ट वेळा आलात. चूक माझी आहे.'

आजोबांनी ते सावकाश वाचलं.

"म्हणजे मी बरोबर दाबत होतो?"

ताईंनी मान डोलावली.

"बंद आहे एवढं दिसलं असतं ना," आजोबा म्हणाले, "तर मी तसाच इकडे निघालो असतो. पण तिथे स्वागत लिहिलेलं. म्हटलं, सगळं ठीक असणार."

ते रागावले असते तर ताईंना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाचं काय करायचं ते त्यांना माहीत होतं. त्या रिकाम्या चौकोनात काय लिहायचं हे त्यांना पुढे दोन मिनिटांत सुचलं. चार वर्षांत मात्र सुचलं नव्हतं.

त्या दोन दिवसांचं काही लिहिलेलं आहे का, असं आजोबांनी विचारलं. ते वाचू द्यायला नियमाने परवानगी नव्हती. ताईंनी त्यांच्या नावापुढे परवानगीची खूण केली आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गुरुवारच्या नोंदीत वरती औषधं, रक्तदाब, आकडे. आणि शेवटी सिस्टरने लिहिलं होतं: 'पूर्ण शुद्धीवर आहेत. दुपारपासून चार वेळा विचारलं, हे आले का.'

आजोबा ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. त्या शब्दांपाशी बोट थांबलं.

"मग तिला सांगितलं का नाही कुणी?" ते म्हणाले. "आलो होतो की मी. एकसष्ट वेळा आलो होतो."