नानामामांना केलेला फोन

नानामामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी जयपुरात, झोटवाड्याच्या बाजारात, चायनीजच्या गाडीपाशी उभा राहून चाऊमीन खात होतो. बातमी ऐकली आणि काट्यावर गुंडाळलेला घास तोंडात घातला. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

आधी आमची वरात त्या गाडीपाशी कशी पोचली ते सांगतो. बाबा गेले आणि आईची अन्नावरची वासनाच उडाली. मी रेल्वेत, बदली होऊन जयपूरला आलेला, तेव्हा तिला जळगावहून आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, शेवभाजी केली, भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या. आई दोन घास घ्यायची, "झालं माझं" म्हणायची आणि ताट सरकवून द्यायची. ब्लाऊजच्या बाह्या तिच्या दंडावर झुलायला लागल्या. त्या संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी नाडी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दवा से कुछ नहीं होगा. इनको खाना खिलाओ, नहीं तो ये जाएँगी."

दवाखान्यातून बाहेर पडलो. आमची मुलगी मनू म्हणाली की मला भूक लागली आहे. ती आठवीत होती आणि भूक लागली की तिला चाऊमीनच लागायचं. गाडीवाल्यानं आईला बसायला प्लास्टिकचं स्टूल दिलं. मनूनं आपल्या प्लेटमधला काटा तिच्यापुढे धरला.

"आज्जी, एक बाइट. मतलब, चखून तर बघ."

नातीचं मन मोडू नये म्हणून आईनं तोंड उघडलं. चावलं. मी आणि सुनंदा मुद्दाम दुसरीकडे बघत राहिलो, जणू कबुतर दाणे टिपतंय आणि आपण हललो तर उडून जाईल. मग मागून आवाज आला, "कोबी कच्चा ठेवलाय मेल्यानं." आईनं कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवून कित्येक महिने झाले होते. वळून बघतो तर मनूची प्लेट आईच्या मांडीवर होती आणि आई खात होती. नीट, भुकेल्या माणसासारखी.

नेमका तेव्हा माझा मोबाइल वाजला. जळगावहून शिरीष बोलत होता, नानामामांचा मुलगा. म्हणाला, "दादा, नाना गेले. दुपारी झोपेतच गेले." आणि त्यानं फोन ठेवला.

नानामामा आईचे धाकटे भाऊ. तिच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलं होतं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि आठवडाभरात आईच्या तोंडून जे काही शब्द निघायचे, ते बहुतेक त्या फोनवरच निघायचे. मी सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं आईकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी त्यांचं खाऊन होऊ दे."

इथपर्यंत आमचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. पण एवढं बोलून सुनंदाला रडू फुटलं. (तिचं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू मामांच्याच घरी झालं होतं.) गाडीवाल्यानं ते पाहिलं आणि तो हळहळला. भाभीजींना मिरची लागली असं ठरवून त्यानं तिच्या हातावर मूठभर साखर ओतली आणि माझेही डोळे भरलेले दिसले म्हणून मलाही दिली. बातमी कळलेले आम्ही दोघं भररस्त्यात साखर खात उभे होतो.

आईला आमची लाज वाटली. जळगावची माणसं आणि एवढ्याशा मिरचीनं रडतात, म्हणाली. मग मिरची कशी खातात हे आम्हाला दाखवायला तिनं चिली सॉसची बाटली उचलून उरलेल्या प्लेटवर उपडी केली, सगळं संपवलं आणि आणखी एक मागितली. दुसरी प्लेट हातात आल्यावर तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

"नानाला सांगायला पाहिजे," ती म्हणाली. "त्याला फोन लाव."

मी म्हटलं, बॅलन्स संपलाय. घरी गेल्यावर लावू. आईला ते पटलं असतंही, पण गाडीवाल्याचे कान आमच्याकडे होते. त्यानं हात फडक्याला पुसले, खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि अदबीनं म्हणाला, "माताजी, मेरे से कर लो." एखाद्याच्या चांगुलपणाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मामांचा नंबर आईला तोंडपाठ. ती खणखणीत मराठीत सांगत गेली आणि तो बटणं दाबत गेला. शेवटी ती म्हणाली, "एकोणसाठ." हा मराठी आकडा गाडीवाल्याच्या सात पिढ्यांत कुणी ऐकला नसावा. त्याला त्यातलं "साठ" तेवढं कळलं आणि त्यानं साठ दाबलं. मी स्क्रीनकडे बघत होतो. सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

फोन कुणीतरी उचलला. आता आमच्या आईची फोनवर बोलायची पद्धत अशी की पलीकडच्यानं फक्त ऐकायचं. "नाना, मी ताई," म्हणून तिनं सुरुवात केली ती थांबेचना. ती बाजारात बसून खाते आहे, ह्या मैद्याच्या शेवया आहेत, कोबी कच्चा आहे पण चव बरी आहे, सून मिरचीला रडते, आणि बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा तोंडाला चव आली आहे. हे शेवटचं ती जरा हळू बोलली. मग तिनं क्षणभर ऐकलं, "बरं" म्हणाली आणि फोन परत दिला.

काय म्हणाले मामाआजोबा, मनूनं विचारलं. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

"म्हणाला, जेवत जा." आई तोंड पुसत म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा. शिरीषला सांग, नानाला काढा करून दे म्हणावं."

सांगतो, म्हटलं.

घरी आल्यावर तिला पाणी देऊन, जवळ बसून सांगितलं. ती आधी माझ्यावरच चिडली. आत्ता तर बोलले मी त्याच्याशी, म्हणाली. मी म्हटलं, आई, तो नंबर बहुतेक चुकीचा लागला होता.

"मला माझ्या भावाचा आवाज कळत नाही?"

मग तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. कधी गेला, तिनं विचारलं. दुपारी, असं सांगायचं होतं. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "आत्ताच." मग ती रडली, आणि रडतारडता म्हणाली की शेवटचं माझ्याशीच बोलला गं सुनंदा.

गाड्या बदलत आम्ही जळगावला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मामांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. खोलीत बायका बसल्या होत्या आणि आई त्यांना फोनचं सांगायला लागली. मी बाहेर सटकणार तेवढ्यात शिरीषची बायको बिचकत म्हणाली, "पण आत्या, नाना तर दुपारीच गेले. आणि आपला फोन संध्याकाळी वाजलाच नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुम्ही तिथे होतात ना?"

होतो, मी म्हटलं. ह्यात खोटं काही नव्हतं. पण कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शेजारणीनं आईला हात जोडले, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली माणसं आईला बघायला यायला लागली. त्या सगळ्यांसमोर आई ताटावर बसली आणि तिनं अख्खी भाकरी खाल्ली. त्यानं सांगितलंय, म्हणाली. ते बघितल्यावर आकड्याचा घोटाळा सांगायची माझी छाती झाली नाही. आई पुढे बरीच वर्षं जगली, आणि व्यवस्थित जेवून जगली.

खरी पंचाईत शिरीषनं केली. मागच्या अंगणात मी एकटा सापडलो तसा तो जवळ आला. वडील गेले तेव्हा तो दुकानावर होता आणि सकाळी निघताना त्यांच्याशी धड बोलला नव्हता. दोन दिवस त्याच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं.

"दादा, माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

खरं सांगायची ह्याहून योग्य वेळ नव्हती. पण त्यानं माझी बाही घट्ट धरली होती. मी म्हटलं, "म्हणाले, शिरीषलाही सांगा. जेवत जा."

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, मग आत जाऊन जेवला, आणि तेव्हापासून तो जेवतोच आहे. डॉक्टरांनी त्याचं गोड बंद केलं, भात बंद केला, तळलेलं बंद केलं. बायको ताट ओढायला गेली की तो गहिवरून सांगतो, माझ्या बापाचा शेवटचा शब्द आहे. परवा त्या माउलीनं मला फोन केला. रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, खरं सांगा, तुम्ही नक्की नीट ऐकलं होतं ना?"

त्या फोनमधलं एक अक्षरही न ऐकलेला मी, घसा खाकरून म्हणालो, "रस्त्यावर आवाज फार होता हो. 'थोडं थोडं जेवत जा' म्हणाले असतील."