सरांनी मला न विचारलेला प्रश्न

सन दोन हजार तेवीस. मला अडुसष्टावं लागलं होतं आणि मी सुरतेत, मास्तर तयार करणाऱ्या कॉलेजात शिपाई होतो.

मास्तरांनाही शिकवावं लागतं हे तिथं लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मास्तर जन्मालाच येतो छडी घेऊन. चाळीस वर्षं मी इथंच लिंबायतला कापडाच्या लूमवर काढली. लूमच्या खडखडाटानं डावा कान खाल्ला. मग पोरगा म्हणाला, "बाबा, आता घरी बसा." मी म्हणालो, "बसायला मी काय अंड्यावरची कोंबडी आहे?" आणि त्याच आठवड्यात हे काम धरलं. पाणी द्यायचं, फाइली न्यायच्या, घंटा द्यायची.

कॉलेजचा कारभार गुजरातीत. पण लिंबायत, डिंडोली, गोडादरा या वस्त्यांतली मराठी पोरं-पोरी पुष्कळ, त्यांचे सरावाचे पाठ मराठीतून व्हायचे. तेव्हा मी वर्गाबाहेर पाण्याचा जग घेऊन जरा जास्तच वेळ उभा राहायचो. उजवा कान दाराकडे करून. कुणी विचारलं तर म्हणायचो, पाय दुखतो.

त्या वर्षी तपासणीला कमिटी येणार होती. स्टाफरूमबाहेर एक मोठा बोर्ड लावायचा ठरला. प्रत्येक प्राध्यापकाचा फोटो आणि खाली त्यांच्या संशोधनाचा आवडीचा विषय. बोर्ड ठोकला मी, म्हणून पहिल्यांदा वाचलाही मीच. गुजराती अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलोय, मास्तर लागला नाही. एका बेनचा, म्हणजे बाईंचा, विषय होता, मुलं गणिताला का भितात. एका सरांचा, मोबाइलवरून शिकवणं. दुसऱ्या एका बेनचा, मागच्या बाकावरची मुलं. आणि आमच्या मराठी सरांचा विषय होता, शाळा अर्ध्यात सोडलेली माणसं.

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. शाळा अर्ध्यात सोडलेलं माणूस तर मी. चौथीत. आणि या सरांना तेच जाणून घ्यायची आवड आहे, पगार घेऊन आवड आहे! म्हणजे आज ना उद्या ते मला विचारणारच. मी खाली उतरलो, हातोडी ठेवली आणि त्या दिवसापासून वाट बघायला लागलो.

हे सर चाळिशीचे, वडील बँकेत होते, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. माणूस चांगला. थोड्या दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. मी शर्ट नीट केला आणि आत गेलो.

"काका, तुम्ही लिंबायतचे ना?"

"हो सर."

"मग माझं एक काम करा. शाळा सोडलेली जुनी माणसं दाखवा मला. तुमच्या ओळखीची."

दाखवली. काय करणार? महिनाभर संध्याकाळी सर माझ्यासोबत गल्ल्यांतून फिरले. माझ्याबरोबर लूमवर असलेला एक जण, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, समोरची भाजीवाली. सर खाटेवर बसायचे, चहा घ्यायचे, मांडीवर फॉर्म ठेवायचे आणि विचारायचे, "शाळा का सोडली?" मी दाराशी उभा. इस्त्रीवाला सांगता सांगता रडला. मला त्याचा राग आला. एवढं काय? दुसरीतच तर सोडली होती यानं!

परत येताना मी सरांची पिशवी धरायचो. त्यातला एक फॉर्म मी एकदा दिव्याच्या खांबाखाली हळूहळू वाचला. कारणं छापलेली होती, त्यांच्यापुढे चौकोन. गरिबी. घरकाम. नापास. गाव सोडलं. शेवटी 'इतर' आणि त्यापुढे एवढीशी रेघ. माझं कारण त्या चौकोनांत नव्हतं. रेघेतही मावलं नसतं. पण सरांनी विचारलं असतं तर मी मावेल तेवढं सांगितलं असतं. आपण होऊन सांगायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं. माझ्यानं ते झालं नाही.

कारण असं होतं. आमच्या गावच्या शाळेत पृथ्वीचा गोल आला होता, नवाकोरा. एके दिवशी तो खाली पडला आणि मधोमध चेपला. मी जवळ उभा होतो, पण हात माझा लागला नव्हता. गुरुजी म्हणाले, "माफी माग, मग वर्गात ये." मी म्हणालो, "मी पाडला नाही." ते म्हणाले, "मग बाहेर." मी बाहेर गेलो आणि शाळेसमोरच्या ओट्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन गेलो आणि पुन्हा ओट्यावरच बसलो. गुरुजी दारातून बघायचे, मीही बघायचो. असे चार दिवस गेले. मला वाटत होतं, आता हाक मारतील. नुसतं 'ये रे' म्हटलं असतं तरी मी धावत गेलो असतो. आतून पाढे ऐकू यायचे, मी ओट्यावर बसून तेच म्हणायचो. पाचव्या दिवशी वडिलांनी मला मामाकडे गुरांवर पाठवलं. मी नाही म्हणालो नाही. आजही एखाद्या शाळेवरून चालत गेलो आणि आतून मुलांचा एकसुरी आवाज आला, की पाय आपोआप मंद होतात. गुरुजी तर केव्हाच गेले. मी मात्र अजून त्यांच्या त्या हाकेची वाट बघतोय.

तर फॉर्म भरत आले होते. त्या दिवशी कॉलेजात छोटे पाठ चालले होते. हे पाठ सहा मिनिटांचे. एक पोरगी मास्तरीण व्हायची, सहा-सात जण खोटी मुलं होऊन बाकावर बसायचे, आणि एक जण मागे कागद घेऊन खुणा करायचा. आजचा धडा होता शाबासकीचा. मुलानं उत्तर दिलं की त्याला शाबास, छान, वा म्हणायचं. जितक्यांदा म्हणेल तितक्या खुणा. सहा मिनिटं झाली की मी घंटा द्यायची.

डिंडोलीची एक पोरगी दारात आली. "काका, एक विद्यार्थी आलाच नाही. तुम्ही बसता का?"

"मी? अगं, मी घंटेवर आहे."

"बसा ना काका. वय कोण बघतंय!"

बसलो. चौथीनंतर पहिल्यांदा बाकावर बसलो. गुडघे वर आले, पण बसलो. पाठ हवेतल्या ओलाव्यावर होता. तिनं विचारलं, "मुलांनो, जमिनीवर पाणी शिंपडलं तर हवेचं काय होईल?"

ती खोटी मुलं मुद्दाम चुकत होती. मी हात वर केला. "हवा ओली होईल. मग धागा कमी तुटेल."

सगळे हसले. ती थांबली. "धागा?"

"लूमचा. थंडीत हवा कोरडी पडते, धागा पिंजारतो, तुटतो. म्हणून आम्ही खाली पाणी मारायचो."

"शाबास!" ती म्हणाली. "छान उत्तर दिलं काकांनी!"

मागच्या पोरानं दोन खुणा केल्या. ती शाबासकी कागदासाठी होती, हे मला कळत होतं. तरी ती विचारेल त्याला मी हात वर करायला लागलो. दुसऱ्या कुणाला वावच दिला नाही. शेवटी एक पोरगा म्हणाला, "काका, आम्हालाही पास व्हायचंय हो!"

तेवढ्यात प्रिन्सिपल बेन दारात. "वीस मिनिट थई गई! घंट कोण वगाडे छे?"

घंटा देणारा कोण, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकावरून उठायला गेलो तर गुडघा अडकला. पोरं पोट धरून हसली. बेनही हसल्या. त्यांच्या मागे आमचे सर उभे होते, काखेत फॉर्मांचा गठ्ठा.

"काय काका, आज विद्यार्थी?" ते म्हणाले. मला वाटलं, आता. आता तरी विचारतील, किती शिकलात, का सोडली. मी बाकाला धरून उभा राहिलो. सर म्हणाले, "बरं झालं भेटलात. फॉर्म पुरे झाले. उद्या सकाळी गठ्ठा कॉम्प्युटरवाल्याकडे पोचवायचाय, लवकर या." आणि गेले.

संध्याकाळी भाकरी गिळवेना. बायकोनं दोनदा बघितलं. ती घरी अहिराणीच बोलते.

"काय व्हयनं तुमले?"

"काही नाही."

"त्या मास्तरनी ईचारं नई, हाईज ना?"

गुरुजींची गोष्ट तिला ठाऊक होती. सरांचं मी कधी सांगितलं नव्हतं, पण महिनाभर मी रोज धुतलेला शर्ट का घालत होतो हे ती बघत होतीच.

"ईचारं नई ते सांगी टाका ना मंग! तोंड शे का नई? त्या गुरुजीनी वाट दखी, आते यानी दखा. मरानं लगून वट्टावरच बठशात का?"

मी ताट सारलं आणि तिला म्हणालो, तुला काय कळतं. ती म्हणाली, "मले समदं कळस," आणि ताट उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातलाच कॉलेजात गेलो. सर आधीच आले होते, गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. रोज मी दाराशी थांबतो. त्या दिवशी आत गेलो, त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि न विचारता बसलो.

सर बघतच राहिले. "काय झालं काका?"

"एक फॉर्म काढा."

"कुणाचा राहिला?"

"माझा. मी चौथीत शाळा सोडली."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत? महिनाभर बरोबर फिरतोय आपण!"

"तुम्ही विचारलं नाही."

सरांचा हात सुतळीवरच थांबला. मग त्यांनी गाठ सोडली. कोरा फॉर्म एकही उरला नव्हता. त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "का सोडली, काका?"

मी म्हणालो, "जरा मोठ्यानं विचारा, डाव्या कानानं ऐकू येत नाही."

त्यांनी मोठ्यानं विचारलं. मी खुर्ची पुढे सरकवली आणि सांगायला लागलो.