कुडाची भिंत

माझा नवरा चारचौघांत इतका गोड, की मुंग्या लागाव्यात. घरी आला की मला मारायचा. इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना एकदा मी दंडावरचे वळ दाखवले, तर म्हणाल्या, ‘एवढा गुणी मुलगा! तूच जरा सांभाळून घे गं.’ मग कुणाला सांगितलंच नाही. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर, माहेर तिकडे भारतात. काकूंचं दार सोडलं तर मला जायला जागाच नव्हती.

त्या शनिवारी लंडनमधल्या इल्फर्डहून मंडळाची बस निघाली, खेड्यातलं एक जुनं लाकडी घर बघायला. ओकचे काळे खांब, मधे पांढऱ्या भिंती, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला. ‘या भिंती तोफेलासुद्धा दाद देणार नाहीत,’ नवऱ्यानं सगळ्यांना ऐकवलं. मी पटकन बोलून गेले, ‘अरे, कूड आहे तो!’ गाइडबाईंनी नुकतंच सांगितलं होतं: खांबांच्या मधे काटक्या विणायच्या, वरून माती, पेंढा आणि शेण लिंपायचं, मग चुना. आमच्या आजोळी गोठ्याला हीच भिंत होती. पलीकडे म्हशीनं कान हलवला तरी कळायचं. सगळे हसले. तोही हसला, आणि त्यानं माझा दंड घट्ट धरला.

‘चल, तुला ती कोपऱ्यातली खोली दाखवतो.’ आत गेल्यावर त्यानं दार लावलं. केसांना धरून माझं डोकं खांबावर आपटलं, परत आपटलं. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. मी खाली पडले तशी पोटात लाथ बसली. ‘लोकांसमोर मला अक्कल शिकवतेस? ओरड ना! या भिंतींतून कुणाला ऐकू जाणार नाही.’

मूर्ख कुठला! मी सांगितलेलं त्याला कधी खरं वाटलंच नव्हतं. फ्लॅटमध्ये मी तोंडात उशी कोंबून रडायचे. इथे पलीकडच्या खोलीत काकू होत्या. मी गळा फाडून ओरडले, ‘मारू नकोस! कालचंच अजून दुखतंय!’ तो आणखी चेकाळला. आईवरून शिव्या देत बुक्के घालत राहिला.

दार धाडकन उघडलं. दारात काकू. त्याच्या आवाजात लगेच साखर आली. ‘काकू, हिचा पाय घसरला हो.’

काकूंनी भिंतीवर मूठ आपटली. ‘कूड आहे रे मेल्या! हिनं सांगितलं होतं ना तुला?’

मग खाली बसून त्यांनी आपली शाल माझ्या भुवईवर दाबली.

‘मलाही सांगितलं होतंस गं,’ म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.