चिकट परहेज

आमच्या आत्याला उर्दूचा एकच शब्द येत होता, आणि तोही चुकीचा. परहेज म्हणजे पथ्य. आत्याला मात्र ते औषधाचं नाव वाटायचं. त्यापायी साऱ्या उमरग्यात तिचं नाव 'परहेज आत्या' पडलं.

खरं तर चूक तिची नव्हती, माझ्या वडिलांची होती. अण्णा निजामाच्या कचेरीत मुन्शी. साहेब लोकांच्या दावतीत बसून बसून त्यांना ज्वारीची भाकरी म्हणजे गड्यामाणसांचं खाणं वाटू लागलं होतं. घरी गव्हाची पोळी, वर साखर-तूप. मग व्हायचं तेच झालं. अण्णा परसात लघवीला जात, तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. साखरेची बिमारी हकीमसाहेबांच्या आधी मुंग्यांनी ओळखली.

हकीमसाहेबांनी परहेज सांगितलं. आत्या ही अण्णांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असायची. तिनं काळजीनं विचारलं, हे परहेज मिळतं कुठं? अण्णांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, सडकेवरच्या हलवायाशेजारी, आणि रोज ताजंच घ्यावं लागतं. झालं! रोज संध्याकाळी आत्याच त्यांना घराबाहेर काढायची. अण्णा गरीब गाईसारखे जात आणि पावशेर जिलेबी हाणून येत.

पुढं त्यांच्या अंगठ्याला ठेच लागली. जखम तीन महिने भरेना. हकीमसाहेब घरी आले, पाय पाहून गंभीर झाले. हे असंच चाललं तर पाय काढावा लागेल, म्हणाले. दाराआडून आत्या बोलली, "परहेज तर रोज घेतूय की त्यो. लई चिकट असतंय, मिशीला लागून येतंय."

हकीमसाहेबांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी आढ्याकडं.

"परहेज खाते नै अम्मा, करते," हकीमसाहेब म्हणाले, आणि त्यांनी अर्थ समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा कुलपात, किल्ली आत्याच्या कमरेला, आणि ताटात कडक भाकरी, करडईची भाजी, हुलग्याचं माडगं. अण्णा भडकले. मी काय सालगडी आहे का, म्हणाले.

"सालगड्याला मुंग्या लागत न्हाईत," आत्या भाकरी मोडत म्हणाली.

रोज सकाळी ती परसात मुंग्या बघायला जायची. एक दिवस चार माणसं बसलेली असताना तिनं ओसरीवर येऊन जाहीर केलं, मुंग्यांनी गाव सोडलं. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जखम भरत आली होती.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात सगळ्यांच्या पत्रावळीवर खीर पडली. अण्णांना नव्हती, आणि शेजारी आत्याच्या पत्रावळीवरही नव्हती. गोडावर, त्यातून जिलेबीवर, जीव टाकणारी बाई ती! अण्णांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू एकलाच का झुरतूस? म्याबी सोडलंय." अण्णांनी त्यावर मान खाली घालून भाकरी मोडली.

पाय वाचला. पुढं निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, आमच्या घरातलं परहेज मात्र राहिलं.

शेवटच्या दुखण्यात आत्याच्या तोंडात अन्नाचा कण जाईना. तेव्हा अण्णा कित्येक वर्षांनी हलवायाची पायरी चढले आणि पुडा घेऊन तिच्या उशाशी बसले.

"अक्का, परहेज आणलंय."

ती हसली. एक तुकडा तोंडात घेतला, मग हात वर करून अण्णांच्या मिशीवरून बोट फिरवलं. मिशी ओली होती, पण चिकट नव्हती.

मग तिनं उरलेली जिलेबी खाल्ली.